पाठीवरचा रंग

डिसेंबर लागला की माझ्या जिमच्या मागच्या खोलीत रंगाचा वास येऊ लागतो. शरीरसौष्ठव स्पर्धेच्या आधी अंगाला चोपडायचा तपकिरी रंग. करपलेल्या गुळासारखा, किंचित औषधी वास, आणि एकदा कपड्यांत शिरला की दोन धुण्यांत जात नाही. बाहेर अमरावतीत याच दिवसांत तुरीच्या ओल्या शेंगा गाड्यांवर येतात, चौकाचौकात संत्र्यांचे ढीग लागतात, कोचिंग क्लासला जाणारी मुलं कान बांधून स्कूटरवर बसतात. लोक याला हिवाळा म्हणतात. आम्ही सीझन म्हणतो.

मी आता स्वतः उतरत नाही. चाळिशीला दोन वर्षं उरलीत. दुसऱ्यांना तयार करतो. परवा एका पोलीस शिपायाची पाठ रंगवत होतो. तिशीचा गडी, पहिलीच मोठी स्पर्धा. भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याने तसंच विचारलं, "सर, तुमच्या टायमाले तुमाले कोन लावे रंग?"

"एक मित्र होता."

"बॉडीबिल्डर?"

"नाई. चित्रकलेचा मास्तर."

तो हसला. त्याच्या हसण्याने पाठ हलली आणि माझा हात घसरला. मी पुसून पुन्हा लावला. माझ्या हातात रबरी मोजे होते. इथे सगळ्यांनी मोजे घालायचे असा माझा नियम आहे. का, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्याबद्दल वर्तमानपत्रात काही आलं तर नावाआधी एक शब्द लागतो, 'उघडपणे'. उघडपणे समलिंगी असलेला विदर्भातला विजेता. मला त्या शब्दाची गंमत वाटते. आमचा खेळच उघडं उभं राहण्याचा. वीतभर चड्डी घालून, अंगाला तेल लावून, पाचशे लोकांपुढे उभं राहायचं आणि पंचांनी मांडीची एकेक शीर बघायची. इतकं उघडं राहून मी एकतीस वर्षांचा होईपर्यंत कुणाला काही दिसलं नव्हतं. सगळे मला बघत. मी कुणाकडे बघायचं नाही, हे मात्र मी फार लवकर स्वतःला शिकवलं होतं. व्यायामशाळेत सोळाव्या वर्षी गेलो तेव्हापासून माझी नजर लोखंडावर किंवा आरशातल्या माझ्याच खांद्यावर असे. वस्ताद पोरांना सांगायचे, "गजूकडे पाहा. इकडेतिकडे ध्यान नाई त्याचं." त्यांना ती माझी तपश्चर्या वाटे. ती भीती होती.

आमचा मळा शहराच्या कडेला, बडनेऱ्याच्या बाजूला. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधावर चार संत्र्याची झाडं. बाबा भाजी काढणार, माय बाजारात नेऊन विकणार. माझी पहिली वजनं म्हणजे ओल्या भाजीची पोती. पुढे लोखंड आलं, अंडी आली, बिनमिठाचं चिकन आलं. माय स्वतः माळकरी. ती माझी अंडी वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकडायची आणि तो गंज हौदावर राखेने घासायची, पण उकडायची. तालुका, जिल्हा, मग विभाग. भिंतीवर ढाली वाढत गेल्या. पाहुणे आले की बाबा म्हणत, "हे आमच्या गजूचं." त्यापलीकडे त्यांना कौतुक करता येत नसे.

सीझनची खरी आठवण तहानेची आहे. स्पर्धेआधी मीठ बंद, मग पाणी कमी करत करत घोटावर आणायचं, म्हणजे कातडी स्नायूला घट्ट बसते. आता मी कुणाला तसं करू देत नाही. त्यात मूत्रपिंड जातं, कधी माणूसही जातो. तेव्हा मी करत असे. मायच्या बाजारातल्या जागेशेजारी एक बाई संत्री विकायची. सोललेल्या सालीचा तो तिखटगोड वास नाकात जायचा आणि जीभ टाळूला चिकटलेली असायची. मी मायच्या टोपल्या उतरवून द्यायचो आणि तिथून लवकर निघायचो. एकदा त्या बाईने फोड पुढे केली. माय म्हणाली, "नको देऊ त्याले. उपासात आहे तो." बाईने विचारलं, "कोणाचा उपास?"  

विलास मला अकोल्यात भेटला. विलास हे त्याचं नाव नाही. गावंही मी थोडी इकडची तिकडे केली आहेत, आणि तरीही हे लिहिताना मी दोनदा उठून आलो आहे.

तो एका खासगी शाळेत चित्रकला शिकवायचा. अकोल्यातल्या एका स्पर्धेसाठी मंचामागचा मोठा पडदा त्यानेच रंगवला होता. मी मंचावर जायच्या रांगेत होतो, तो शिडीवरून उतरत होता. माझ्या मागे येऊन थांबला आणि म्हणाला, "तुमच्या पाठीवर पट्टे पडलेत. दोन खांद्यांच्या मध्ये. थांबा." त्याने खिशातला रुमाल ओला केला, जुना रंग पुसला आणि नवा हाताने लावला. त्याचा तळवा एका लयीत फिरत होता, वरून खाली, मग आडवा. मी त्याला मोजे देऊ केले होते. तो म्हणाला, "रबरातून रंग कळत नाही." मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. त्या दिवसापर्यंत माझ्या अंगाला वस्तादांनी, डॉक्टरांनी, मालिशवाल्याने हात लावला होता. हे काहीतरी वेगळं आहे हे मला कळलं, आणि त्यालाही कळलं असावं, कारण त्याने हात काढून घेतल्यावर उगाचच पुन्हा एकदा मानेवरून फिरवला.

नंतरची चार वर्षं आम्ही रविवारी मूर्तिजापूरला भेटलो. अमरावती आणि अकोला यांच्या मधलं गाव. तिथे दोघांनाही ओळखणारं कुणी नव्हतं. स्टेशनावर एक बाक होता, त्यावर बसायचं. तो डब्यातून त्याच्या वहिनीच्या हातची ज्वारीची भाकरी आणायचा आणि मी उकडलेली अंडी. तो माणसांची रेखाचित्रं काढायचा, मी कोण कोणत्या गाडीने येतं ते बघायचो. यापेक्षा सुखाचं माझ्या आयुष्यात काही झालं आहे असं मला वाटत नाही, आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सीझनमध्ये तो प्रत्येक स्पर्धेला यायचा. माझी पाठ रंगवायचा. हा रंग हातांवरून आठवडाभर जात नाही. तो सोमवारी तसाच शाळेत जायचा, कोपरापर्यंत तपकिरी. चित्रकलेच्या मास्तरचे हात रंगलेले, यात कुणाला काय वाटणार? मुलं म्हणायची, सर, आज मातीचं चित्र काढलं का? तो हो म्हणायचा. तो अमरावतीला आमच्या घरीही आला होता. मायने त्याला पिठलं-भाकरी वाढली. तो दोन भाकरी खाऊन म्हणाला, "वहिनीपेक्षा चांगली झाली, पण हे अकोल्यात सांगू नका." माय खूप हसली होती.

चौथ्या वर्षी दिल्लीत कोर्टाचा निकाल लागला. आमच्यासारख्यांचं प्रेम हा आता गुन्हा राहिला नाही. मी तो निकाल मोबाइलवर चार वेळा वाचला आणि रविवारी विलासला दाखवला. त्याने वाचला, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "दिल्लीत लागला. अकोल्यात लागायचा आहे अजून."

"कधी लागीन?"

"घाई करू नको, गजा. माह्या घरी माहीत नाई, तुया घरी माहीत नाई. असंच राहू दे."

मी बरं म्हटलं. त्याच महिन्यात मायने नांदगाव खंडेश्वरकडची एक मुलगी पाहून ठेवली. सीझन संपला की बघायला जायचं ठरलं. मी तिथेही बरं म्हटलं. त्या हिवाळ्यात मी सगळ्यांना बरंच म्हणत होतो आणि एकीकडे शरीर असं तयार होत होतं की वस्ताद बोटाने माझ्या पाठीवरचे स्नायू मोजायचे. वजन उतरत गेलं तसं माझं डोकं हलकं, चिडकं झालं. भूक, तहान आणि होकार, सगळं एकाच वेळी आवळलेलं.

विभागाची स्पर्धा अकोल्यातच होती. मैदानावर मंडप. दुपारचं ऊन पांढऱ्या कापडातून खाली येत होतं, आणि आसपासच्या जिनिंगमधून उडालेली कापसाची पुंजकी तेल लावलेल्या अंगांना चिकटत होती. विलास ती पुंजकी एकेक करून माझ्या खांद्यावरून चिमटीने काढत होता. मी माझा गट जिंकला. मग सगळ्या गटांचे विजेते एकत्र उभे केले आणि पंचांनी माझा नंबर पुकारला. मानाचा किताब. गळ्यात पट्टा, हातात माझ्या कंबरेएवढी ढाल. खाली उतरलो. विलासने अर्धा पेला पाणी दिलं. तीन दिवस घोटावर काढल्यानंतरचं पहिलं पाणी. ते घशातून उतरताना मला रडू आलं.

तिथे एका स्थानिक वाहिनीचा माणूस माईक घेऊन आला. आहार काय, व्यायाम किती, हे विचारून झालं. शेवटी तो हसत म्हणाला, "आता घरी लग्नाची घाई असेल. कशी मुलगी पाहिजे आमच्या चॅम्पियनला?"

हा प्रश्न मला त्याआधी शंभरदा विचारला गेला असेल. उत्तर तयार असायचं, आईला विचारा. त्या दिवशी ते आलं नाही. मी म्हणालो, "मुलगी नाई पाह्यजे, भाऊ. मले पुरुष आवडतात. लहानपणापासून. मी लगन नाई करणार."

"मजाक करून राहिले का?"

"नाई."

एवढं बोलून मी डावीकडे पाहिलं.

विलास तिथे उभा होता. गळ्यात माझा टॉवेल, एका हातात पाण्याची बाटली, दोन्ही हात कोपरापर्यंत तपकिरी. मी पाहिलं तिकडे कॅमेराही वळला. अर्धा सेकंद असेल. मग तो पुन्हा माझ्यावर आला. विलासने बाटली खाली ठेवली, टॉवेल घडी करून खुर्चीवर टाकला आणि मंडपाबाहेर गेला. त्याची चाल नेहमीसारखी होती.

मी का पाहिलं, याचा मी खूप विचार केला आहे. त्याला माझ्यासोबत ओढायचं असं काही माझ्या मनात नव्हतं. मला फक्त बघायचं होतं, त्याने ऐकलं का. त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. इतकी वर्षं कुणाकडे न बघणाऱ्या माणसाने एकदा बघितलं, आणि ते चित्रीकरणात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. बाबा मळ्यात पालक काढत होते. मी जाऊन शेजारी बसलो आणि जुड्या बांधू लागलो. एक टोपली भरल्यावर ते बोलले.

"मोबाइलवर जे दाखवून राहिले, ते तूच बोलला?"

"हो, बाबा."

"दारू पेला होता काय?"

"नाई."

त्यांनी आणखी तीन जुड्या बांधल्या. मग म्हणाले, "मंग त्या नांदगाववाल्याईले आजच कळवा लागते. त्याईची पोरगी अडकून नको राहाले."

त्यांनी स्वतः फोन केला. माझ्यावर हात उगारला नाही, घराबाहेर काढलं नाही. पण त्यानंतर दोन वर्षं ते माझ्या गाडीवर मागे बसले नाहीत. बाजारात जायचं तर ऑटोने जात.

वस्तादांनी मला दुपारी बोलावलं, व्यायामशाळा रिकामी असताना. भिंतीवर माझा फोटो होता, पहिल्या ढालीचा. त्याच्याखाली उभे राहून ते म्हणाले, "फोटो राहू देतो. तू काई दिवस येऊ नको. पोट्ट्याईचे मायबाप विचारून राहिले." त्यांचे डोळे भरले होते, हे मी लिहिलं पाहिजे.

माय संध्याकाळी बाजारातून परत आली, टोपल्या धुतल्या, उंबऱ्यावर बसली. मला वाटलं, आता रडेल, शिव्या देईल. तिने विचारलं, "तो मास्तरच होता ना, तुया बाजूले?"

"हो."

"तुले तं ढाल भेटली. त्याले काय भेटलं?"

विलासचा फोन चार दिवस बंद होता. पाचव्या दिवशी मी अकोल्याला गेलो, त्याच्या भावाच्या घरी. वहिनीने दार अर्धं उघडलं. "ते घरी नाईत," ती म्हणाली. त्याच्या चपला दारातच होत्या. तिने माझी नजर चपलांवर गेलेली पाहिली आणि दार हळूच लावून घेतलं. बसमध्ये बसलो तेव्हा निरोप आला. रविवार, अकरा, मूर्तिजापूर.

तो आधीच येऊन बसला होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये एका माणसाची जागा सोडून. हातांवरचा रंग गेला होता. नखांच्या कडांना अजून होता. तिथली कातडी घासून घासून सोलली होती.

"लिंबानं घासलं, राखेनं घासलं," तो म्हणाला. "सोमवारी शिक्षकांच्या खोलीत एकानं माहा हात धरून वर केला. सगळ्याईले दाखवला. म्हणे, सर, हा कोणत्या चित्राचा रंग?"

मी त्याच्या नखांकडे पाहिलं.

"मंग मांगच्या वर्षीचंही आठवलं त्याईले. त्याच्या मांगचंही. दर हिवाळ्यात सरचे हात असेच असतात. पोरायनं फळ्यावर चित्र काढलं. चांगलं काढलं होतं, मीच शिकवलं त्याईले." त्याने नखाची कड चोळली. "पालकाईनं अर्ज दिला. मुख्याध्यापक म्हणे, सुट्टीवर जा. कधीपर्यंत ते नाई सांगितलं. दादा म्हणते, लगन कर, नाई तं घर सोड."

"माह्यासोबत चाल," मी म्हणालो. "पुण्याले जाऊ. मुंबईले जाऊ. मले तिथं काम भेटीन."

"मले काहून जा लागते? मले अकोला आवडते बे. त्या शाळेच्या भिंती म्या रंगवल्या."

एक मालगाडी आली आणि बराच वेळ जात राहिली. ती गेल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"तू जे बोलला, ते तुयं होतं. तुयं तू सांगितलं, त्यात काई वाईट नाई. पण माह्याकडे काहून पाह्यलं, गजा?"

याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही. आता जे वर लिहिलं, तेही मला वर्षांनी सुचलेलं आहे, आणि ते उत्तर आहे की वकिली, मला माहीत नाही.

त्याची गाडी आधी आली. उठताना तो म्हणाला, "पुढच्या स्पर्धेले दोन हात लावजो. पयला पुरा वाळू दे. तुया खांद्याच्या मधी पट्टे पडतात." आणि डब्यात चढला.

पुढची स्पर्धा राज्याची होती. मंचामागे आम्ही बाराजण होतो. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी, भाऊ, चेला, दोस्त. माझ्यासोबत सहा वर्षं व्यायाम केलेला एकजण होता. मी त्याला म्हटलं, पाठीला हात लावतो का. तो म्हणाला, माझे हात तेलकट आहेत. ते कोरडे होते. मी भिंत रंगवायचा रोलर काठीला बांधून आणला होता. आरशाकडे पाठ करून मी तो मानेवरून मागे फिरवला. पुढून मी सगळ्यांत चांगला होतो असं नंतर पंचच म्हणाले. पंचांनी मागे वळायला सांगितलं तेव्हा पाठीवरचे पट्टे पाहून प्रेक्षकांत हसण्याची एक लाट गेली. मला सहावा नंबर मिळाला.

मी खेळ सोडला नाही. घरामागे पत्र्याचं शेड टाकलं, जुनं लोखंड आणलं. दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात राज्याच्या स्पर्धेला मी रोलर घेऊन निघालो, तर बाबा दारात तयार उभे. पांढरा सदरा, टोपी. म्हणाले, "मी येतो." मंचामागे गेल्यावर त्यांनी रंगाची बाटली उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "पाठ वळव." आम्ही संत्र्याच्या खोडांना रोग लागू नये म्हणून निळसर लेप लावतो. बाबा तो कुंच्याने असा लावतात की खोडाची एक भेगही सुटत नाही. माझी पाठ त्यांनी तशीच रंगवली. न बोलता. एकदाच म्हणाले, "हलू नको." त्या वर्षी मी जिंकलो. त्याच्या पुढच्या वर्षीही.

कुणीतरी तो फोटो काढला. टोपी घातलेला शेतकरी बाप आणि भिंतीकडे तोंड केलेला पोरगा. तो फोटो सगळीकडे गेला. पुण्यामुंबईहून बोलावणी येऊ लागली. मी व्यासपीठांवर बोललो, फेटे बांधून घेतले, लोक उभं राहून टाळ्या वाजवत. ते सगळं खोटं नव्हतं. त्या बापाने खरंच ती पाठ रंगवली होती. लोकांना गोष्टीचा शेवट मिळाला आणि मी तो घेऊ दिला. कुणी विचारलं, उघडपणे बोलल्यामुळे तुम्हाला काय गमवावं लागलं, की मी वस्तादांचं सांगायचो, सहाव्या नंबरचं सांगायचो, रोलरचं सांगायचो. रोलरला लोक हसायचे आणि मग गप्प व्हायचे. विलासचं कधी सांगितलं नाही. त्याचं नाव जपायचं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं असं, की त्याची गोष्ट सांगितली तर माझं धाडस तितकं मोठं दिसत नाही.

मला मुलांचे निरोप येतात. यवतमाळहून, परभणीहून, कुठून कुठून. सर, घरी सांगून टाकू का? आधी मी लिहायचो, सांग, घाबरू नको. आता मी लिहितो, सांगायचं तेव्हा सांग, पण आधी तुझ्या बाजूला कोण उभं आहे ते विचारून घे. काहींना हे उत्तर आवडत नाही. एकाने लिहिलं, तुम्हीही घाबरलात का सर? 

गेल्या महिन्यात, कार्तिकात, मायला कौंडण्यपूरच्या यात्रेला नेलं. तिचे गुडघे आता चालत नाहीत. देवळात दर्शन करून तिला धरून हळूहळू वर्धेच्या काठी आणलं. तिथे रेवड्या, खेळणी, बांगड्यांची दुकानं लागलेली. माय एकदम थांबली आणि म्हणाली, "मास्तर."

विलास एका दुकानाच्या फळीवर नाव रंगवत होता. सहा-सात वर्षांत त्याचे केस पुढून गेले होते. त्याने आम्हाला पाहिलं, कुंचा डब्यात ठेवला आणि उठून मायच्या पाया पडला. मायने विचारलं, "जेवला का?" तो म्हणाला, "जेवलो." एवढंच दोघं बोलले. मग त्याने मागे वळून हाक मारली आणि दुकानातून एक बाई बाहेर आली. पस्तिशीची, कपाळाला ठसठशीत कुंकू, चेहरा मोकळा.

"ही सुनंदा," तो म्हणाला. "हे अमरावतीचे. जुने ओळखीचे."

नदीपलीकडच्या एका गावात ते राहतात. तो पाट्या रंगवतो, शाळांच्या भिंती रंगवतो, दोन ठिकाणी तासावर शिकवतो. लग्नाला पाच वर्षं झाली. हे सगळं सुनंदाने सांगितलं. तो मायसाठी खुर्ची आणायला गेला होता. सुनंदाने मला नीट न्याहाळलं. "तुमी व्यायामवाले ना? तुमचा फोटो पाह्यला होता पेपरात, तुमच्या वडिलांसोबतचा. याईनं कधी सांगितलं नाई तुमी ओळखीचे म्हणून."

मी म्हटलं, "खूप वर्षं झाली."

तिने मागे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "भाऊ, एक सांगू का? माणूस लय चांगला आहे. कधी वाकडा शब्द नाई. पण याईले झोप लागत नाई. डॉक्टर झाला, देव झाला. मले काई सांगत नाईत. मले वाटते, माह्यातच काई कमी आहे. तुमी जुने मित्र आहा. तुमी विचारा ना याईले."

वर्धेचं पाणी खाली संथ चाललं होतं. माझं खरं मी एकदा कॅमेऱ्यापुढे बोललो होतो. या एका बाईला त्या दिवशी खऱ्याची जितकी गरज होती तितकी बहुधा कुणालाच नव्हती, आणि ते सांगणं माझं नव्हतं. गप्प राहिलो तर ती स्वतःला दोष देत राहणार, बोललो तर त्याचं दुसऱ्यांदा घर मोडणार. विलास खुर्ची घेऊन येत होता.

"विचारतो, वहिनी," मी म्हणालो.

तिने माझा नंबर घेतला. परत येताना माय नांदगाव फाटा गेल्यावर म्हणाली, "बाई चांगली आहे." मग आणखी काही वेळाने, "लय चांगली आहे."

काल दुपारी सुनंदाचा फोन आला. जिममध्ये गर्दी होती, मी बाहेर येऊन उचलला.

"भाऊ, विचारलं का तुमी?"

"नाई अजून. भेटलो की विचारतो."

"विचारा. तुमाले सांगतीन ते." मग ती म्हणाली, "आज मात्र झोपले होते. जेवायच्या आधी जरा आडवे झाले अन् चांगला तास-दीड तास झोपले."

"अरे वा."

"म्या कुकरच नाई लावला. म्हटलं, शिट्टीनं उठतीन."

"बरं केलं, वहिनी," मी म्हणालो.